शाळा सुटलेल्यांचे कुलगुरू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुलगुरू निवडीच्या बातम्या मी तुमच्या अंकात नेमाने वाचते. शोध समिती नेमली, अर्ज आले, पाच नावं राज्यपालांकडे गेली, अमक्याचं नाव आघाडीवर आहे, तमक्या गटाचा त्याला विरोध आहे. नेमणूक झाली की हारतुऱ्यांचा फोटो येतो. त्यानंतरची बातमी येते ती एकदम निकाल रखडल्याची, नाहीतर अधिसभेत गोंधळ झाल्याची. मधल्या पाच वर्षांत त्या माणसाने काय केलं आणि कुणासाठी केलं, हे काही वाचायला मिळत नाही. डॉ. राम ताकवले १३ मे २०२३ रोजी गेले. मी वाचली ती बातमी एका चौकटीत मावणारी होती. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे संस्थापक कुलगुरू, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे इग्नूचे, माजी कुलगुरू. तीन पदं, तीन ओळी. त्यातल्या मधल्या ओळीने माझं आणि माझ्यासारख्या असंख्य बायकांचं आयुष्य बदललं. त्या ओळीबद्दल कुणीतरी सविस्तर लिहील म्हणून मी वाट पाहत होते. शेवटी मीच लिहायला बसले आहे. पत्र लांबेल, पण कापू नका ही विनंती.

मी सिन्नर तालुक्यातली. आई विड्या वळायची. आमच्याकडे तेव्हा घरोघरी बायकांच्या मांडीवर सूप असायचं. आठवी झाली आणि माझी शाळा बंद झाली. कारण वेगळं सांगायला नको. थोरली मुलगी, धाकटी भावंडं, आणि हायस्कूल पुढच्या गावाला. लग्न झालं, मुलं झाली. गावात अंगणवाडी आली तेव्हा लिहिता-वाचता येणारी सून म्हणून मला सेविका केलं. मुलांची वजनं घ्यायची, सुकडी वाटायची, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवायच्या, महिन्याचा अहवाल द्यायचा. हे काम मला आवडायचं आणि जमायचंही. पण तालुक्याला बैठकीला गेलं की प्रत्येक फॉर्मवर ‘शिक्षण’ असा रकाना असायचा, आणि तिथे ‘८ वी’ लिहून मी कागद पुढे सरकवायची.

पुढे शिकायची वाट अगदीच नव्हती असं नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता यायचं. मग बारावी, मग पुणे विद्यापीठाकडे बहिःस्थ म्हणून नाव घालायचं. आमचा नाशिक जिल्हा पुणे विद्यापीठाखालीच येतो. म्हणजे आठवीवरून पदवीला पोचायचं तर दोन बोर्डाच्या परीक्षा आणि त्यांवर तीन वर्षं, तीही कुणाच्या मदतीशिवाय. गाइड विकत घ्यायचं, पाठ करायचं आणि परीक्षेला जाऊन बसायचं. संसार, शेत आणि नोकरी सांभाळून हे पार पाडलेली एकही बाई मी तेव्हा पंचक्रोशीत पाहिली नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या ग्रामसेवकांनी वर्तमानपत्रातली एक जाहिरात दाखवली. नाशिकला नवं विद्यापीठ निघालंय, वय अठरा पूर्ण हवं, शाळेचा दाखला नसला तरी चालेल. ‘पूर्वतयारी’ नावाचा एक शिक्षणक्रम करायचा, त्याची परीक्षा पास झालं की थेट बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश. माझ्या सासऱ्यांनी ती जाहिरात दोनदा वाचून घेतली. दाखल्याशिवाय कॉलेज देणारं सरकारी विद्यापीठ असू शकतं, यावर त्यांचा विश्वास बसेना.

आता हे विद्यापीठ ज्यांनी उभं केलं त्यांच्याविषयी. ताकवले सर मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. क्लासिकल मेकॅनिक्स या विषयावर त्यांनी सहकाऱ्याबरोबर लिहिलेलं पाठ्यपुस्तक १९७९ साली निघालं आणि देशभरच्या एम.एस्सी.च्या मुलांनी ते वापरलं. माझी भाची त्याच विषयात शिकली, तिच्या टेबलावर मी ते पुस्तक पाहिलं आहे. त्यातलं मला काही कळायचं कारण नाही. पण एक गोष्ट मी माझ्यापुरती समजून घेतली: ज्याने आयुष्यात एकदा तरी मुलांसाठी पुस्तक लिहिलंय, त्याला मूल नेमकं कुठे अडतं हे ठाऊक असतं. शिकणारा एकटा बसलाय, समोर मास्तर नाही, पान उलटलं आणि काही उमगत नाही, ही अवस्था ज्याने डोळ्यांसमोर आणून पाहिली त्यालाच आमच्यासारख्यांचं विद्यापीठ काढता येणार होतं.

१९७८ ते १९८४ ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. गणेशखिंडीतलं ते आवार, एकेकाळच्या ब्रिटिश गव्हर्नरांच्या निवासस्थानात भरणारं कामकाज, जयकर, रँग्लर परांजपे, दत्तो वामन पोतदार, धनंजयराव गाडगीळ अशा माणसांनी भूषवलेली खुर्ची. एवढ्या मानाच्या जागी बसून झाल्यावर माणसाला काय करावंसं वाटेल? समित्या, सल्लागारपदं, परदेशचे दौरे. ताकवले सरांनी १९८९ साली, ज्या विद्यापीठाला ना आवार होतं, ना इमारती, ना नाव, अशा विद्यापीठाचं पहिलं कुलगुरूपद घेतलं. १ जुलै १९८९ ही त्याची स्थापना. गंगापूर धरणाजवळचं आजचं आवार हळूहळू उभं राहिलं. विद्यापीठाचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. आणि विद्यार्थी कोण? तर ज्यांना गणेशखिंडीच्या फाटकातून आत जाता आलं नसतं ते. जुन्या विद्यापीठाने ज्यांना कधी विचारलं नाही, त्यांच्यासाठी त्याच विद्यापीठाच्या माजी कुलगुरूंनी नवं घर बांधलं. कुलगुरूंची कारकीर्द म्हटली की मला आधी हेच आठवतं.

मुक्त विद्यापीठाची कल्पना त्यांची एकट्याची नव्हती, हे मी जाणते. इंग्लंडमध्ये १९६९ साली असं विद्यापीठ निघालं होतं. आपल्या देशात पहिलं १९८२ साली हैदराबादला सुरू झालं, प्रा. जी. राम रेड्डी त्याचे पहिले कुलगुरू, आणि १९८५ साली दिल्लीला इग्नू निघालं तेव्हा तिथलेही पहिले कुलगुरू तेच. आमचं नाशिकचं विद्यापीठ देशातलं पाचवं. पण कल्पना दिल्लीहून सिन्नरच्या खेड्यात येते तेव्हा वाटेत बरंच काही गळून पडतं, हे सरकारी योजनेत उभी हयात काढल्यामुळे मला चांगलं माहीत आहे. वरून उत्तम निघालेली योजना खाली पोचेपर्यंत नुसती नोंदवहीत शिल्लक राहते. इथे तसं झालं नाही, ते का झालं नाही हे सांगण्यासाठीच एवढं लिहिते आहे.

पहिली गोष्ट पुस्तकांची. टपालाने गठ्ठा आला आणि मी पहिलं पुस्तक उघडलं, तेव्हा वाटलं की हे नेहमीचं पुस्तक नाही. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला लिहिलेलं, हा घटक वाचून झाल्यावर तुम्हाला काय काय सांगता येईल. मग प्रास्ताविक, त्यात मागच्या घटकाशी जोडून घेतलेलं. मग विषय, छोट्या छोट्या भागांत, सरळ मराठीत. दर दोन-तीन पानांनी ‘स्वयंअध्ययनासाठी प्रश्न’, खाली उत्तर लिहायला जागा, आणि घटकाच्या शेवटी त्यांची उत्तरं. पारिभाषिक शब्द वेगळे काढून त्यांचे अर्थ दिलेले. मी दुपारी मुलं घरी गेल्यावर अंगणवाडीतच बसायची, वजनकाट्याच्या खालच्या पेटीवर पुस्तक ठेवून. प्रश्न आला की आधी पुढचं पान हाताने झाकून घ्यायची, उत्तर पेन्सिलीने लिहायची, मग पडताळून पाहायची. बरोबर आलं की पुढे, चुकलं की तीच दोन पानं पुन्हा. मला कुणी शिकवत नव्हतं आणि तरी मी शिकत होते. ही रचना आपोआप होत नाही. कॉलेजांतल्या शंभर प्राध्यापकांना बोलवून, तुमचं व्याख्यान नको, एकट्या बसलेल्या बाईला समजेल असं लिहा, हे पटवून द्यावं लागतं. लिहिलेलं परत पाठवावं लागतं. ते प्राध्यापक आणि ते संपादन करणारे लोक यांचं श्रेय मोठं आहे, ते मी एकट्या ताकवले सरांच्या पदरात टाकत नाही. पण विद्यापीठाचा पहिला पैसा इमारतीवर घालायचा की पुस्तकावर, हे वरचा माणूस ठरवतो.

दुसरी गोष्ट रविवारची. तालुक्याच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र होतं. कॉलेजच्या वर्गांना रविवारी सुट्टी, म्हणून ते वर्ग आम्हाला. शिकवणारे त्याच कॉलेजचे प्राध्यापक, पण त्यांना तिथे ‘संमंत्रक’ म्हणायचं. आधी मला हा शब्द फार जड वाटला होता, पुढे तोंडात बसला. संमंत्रक व्याख्यान देत नसत. आठवडाभरात कुठे अडलं ते विचारत. आमच्या वर्गात एस.टी.चे कंडक्टर होते, ग्रामपंचायतीचा शिपाई होता, सैन्यातल्या जवानाची बायको होती, विडी कारखान्यात मुकादम असलेले एक काका होते, आणि बारावीला नापास होऊन घरी बसलेली दोन पोरं होती. कंडक्टर भाऊ गणवेशातच यायचे, कारण दुपारी त्यांची पाळी असायची. एकदा गृहपाठ परत मिळाले, माझ्या वहीवर लाल शाईत शेरा होता, ‘उदाहरण तुमच्या गावातलं द्या.’ मी थक्क झाले. आठवीपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं की माझ्या गावातलं काही उत्तरपत्रिकेत लिहायच्या लायकीचं असतं. मग मी समाजशास्त्राच्या गृहपाठात आमच्या बाजूची विडी कामगार बाई लिहिली, तिच्याकडून विड्या करून घेणारा ठेकेदार, म्हणजे सट्टेदार लिहिला, पानं खराब म्हणून कापली जाणारी मजुरी लिहिली. त्या गृहपाठाला मिळालेले गुण अजून पाठ आहेत, पण ते इथे लिहीत नाही.

विद्यापीठ नुसतं बी.ए., बी.कॉम.चं नव्हतं. माझ्या धाकट्या दिराने तिथे शेतीचा शिक्षणक्रम केला. भाजीपाला, फळबाग, माळीकाम यांचे शिक्षणक्रम होते, आणि ते करणाऱ्याला शेत सोडून यावं लागत नव्हतं. प्रात्यक्षिक आपल्याच वावरात. नोकरीत असलेल्या शिक्षकांना बी.एड. करता आलं. तुरुंगातले बंदीसुद्धा मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा देऊन पदवीधर होतात, हे तुमच्याच पानावर छापून आलं होतं. घरोघरी म्हणताना कुठलं घर वगळायचं नाही, हे ज्याने पहिल्या वर्षापासून ठरवलं असेल, त्याच्याच विद्यापीठात हे होतं.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते, आणि माझ्या मते कुलगुरूंचं खरं काम तिथेच दिसतं. पदवी हातात आल्यावर मी मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी, या पदासाठी अर्ज केला. एका कार्यालयात कागद तपासणीला गेले. टेबलावरच्या माणसाने गुणपत्रिका पाहिल्या आणि विचारलं, ‘दहावीचं कुठंय?’ म्हटलं, नाही. ‘बारावीचं?’ नाही. तो हसला. शेजारच्याला म्हणाला, बघा, पाया नाही आणि कळस आहे. मागे रांगेत बायका उभ्या होत्या, त्याही हसल्या. मी पिशवीतून विद्यापीठाच्या मान्यतेच्या परिपत्रकाची प्रत काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. अभ्यासकेंद्राने ती आम्हा सगळ्यांना आधीच देऊन ठेवली होती. असा प्रसंग येणार हे त्यांना माहीत होतं. त्याने ती वाचली, साहेबांकडे नेली, परत आला आणि काही न बोलता माझा अर्ज घेतला.

तो कागद कुणीतरी मिळवलेला असतो. आमच्या पदव्या इतर पदव्यांच्या बरोबरीच्या धरल्या जाव्यात म्हणून कुणीतरी मंत्रालयात खेटे घातलेले असतात, विद्यापीठ अनुदान आयोगाशी पत्रव्यवहार केलेला असतो, जुन्या विद्यापीठांतल्या मंडळींच्या शंकांना उत्तरं दिलेली असतात. दाखला नसलेल्याला दार उघडून देणारे आपल्याकडे कमी नाहीत. पण आतून बाहेर पडताना त्याच्या हातातला कागद बाजारात चालला पाहिजे, ही जबाबदारी घेणारे फार थोडे. पहिली चार-पाच वर्षं त्या विद्यापीठाने हे काम नेटाने केलं नसतं, तर त्या टेबलावर माझा अर्ज परत आला असता आणि मी सेविका म्हणूनच निवृत्त झाले असते. त्यात कमीपणा काही नाही, माझ्या कितीतरी मैत्रिणी तशाच निवृत्त झाल्या. पण मुख्यसेविका झाल्यावर माझ्याकडे जेवढ्या अंगणवाड्या आल्या, तिथल्या प्रत्येक सेविकेला मी पहिल्या बैठकीत एकच विचारलं: शिक्षण कितवी? आणि ज्यांनी मान खाली घातली त्यांचे पूर्वतयारीचे फॉर्म माझ्या हाताने भरले. त्यातल्या दोघी पुढे शिक्षिका झाल्या, एक पंचायत समितीवर निवडून गेली.

माझ्या पदवीवर ताकवले सरांची सही नाही. ती छापली गेली तेव्हा ते दिल्लीला इग्नूचे कुलगुरू झाले होते, १९९५ ते १९९८ ते तिथे होते. मी त्यांना कधी भेटले नाही. तरी अभ्यासकेंद्रात त्यांचं नाव घरच्या माणसासारखं निघायचं. कुलगुरू गेला तरी त्याने घालून दिलेली रीत चालू राहिली, पुस्तकं येत राहिली, रविवार भरत राहिले. माझ्या मते कुलगुरूंची परीक्षा तिथे होते.

आणखी एका कुलगुरूंचं नाव इथे घ्यायला हवं. डॉ. स्नेहलता देशमुख, लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर, मुंबईत शीवच्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या आणि १९९५ ते २००० मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू. त्यांच्या काळात विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव आलं. अंगणवाडीत नोंदणी करताना मी पाहिलंय, नवऱ्याने टाकलेली बाई मुलाचं नाव सांगताना बापाच्या नावाशी अडखळते. अशा बाईचं पोर पदवीधर झालं आणि त्या कागदावर तिचं नाव छापून आलं, तर तिला काय वाटलं असेल! त्या निर्णयाला निधी लागला नसेल, इमारत लागली नसेल. आयुष्यभर लेकरं आणि त्यांच्या आया पाहिलेल्या एका डॉक्टर बाईला ते सुचलं.

उलट बाजूही लिहायला हवी. २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरलं. तयारी पुरती नव्हती. निकाल महिनोन्‌महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश बुडाले, आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलपती या नात्याने राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. संगणक वाईट, असं मी म्हणत नाही. ताकवले सर तर तंत्रज्ञानाचे मोठे पुरस्कर्ते होते, निवृत्तीनंतरही ते त्याच कामात होते. पण नवी पद्धत आणताना ती शेवटच्या मुलापर्यंत नीट पोचेल का, हे आधी पाहायचं असतं. तिथे ते राहून गेलं.

आणि मग रिकाम्या खुर्च्या. मे २०२२ ते जून २०२३, वर्षाहून जास्त काळ, पुणे विद्यापीठाला पूर्णवेळ कुलगुरू नव्हते, प्रभारी होते. मुंबईलाही त्यातला बराच काळ तीच गत होती. ताकवले सर गेले त्या दिवशीही, ज्या विद्यापीठाचे ते सहा वर्षं कुलगुरू होते, ते प्रभारीवर चाललं होतं. प्रभारी माणूस कितीही चांगला असला तरी तो रोजच्या फायली निकालात काढतो. पाच वर्षांनी कुठे पोचायचं हे तो कशाच्या जोरावर ठरवणार? अंगणवाडीत मी हे अनुभवलं आहे. शेजारच्या अंगणवाडीचा ‘अतिरिक्त कार्यभार’ माझ्याकडे असायचा तेव्हा सुकडी वेळेवर वाटली जायची, पण कुपोषित मुलाच्या घरी जायचं राहून जायचं.

आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल, आणि नेमणुकीचा अखेरचा अधिकार त्यांचा. त्या अधिकारावरून सरकारं आणि राज्यपाल यांच्यात भांडणं होतात. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात कायदा बदलून मंत्र्यांना प्र-कुलपती, म्हणजे कुलपतींच्या खालोखालचं पद, द्यायचं घाटलं होतं. सरकार बदललं आणि ते मागे पडलं. जानेवारी २०२५ मध्ये अनुदान आयोगाने मसुदा काढला की उद्योग, प्रशासन, सार्वजनिक धोरण या क्षेत्रांतल्या अनुभवी माणसांनाही कुलगुरू होता यावं. त्यावर तुमच्या पानांवर दोन्ही बाजूंनी लेख आले, मी सगळे वाचले. माझं मत विचाराल तर कुलगुरू शिकवणारा असावा. कंपनी किंवा कचेरी चालवणाऱ्याला माणसं आणि पैसा सांभाळता येत असेल, पण मूल कुठे अडतं हे त्याला कुणीतरी सांगावं लागेल, आणि सांगणारे गप्प बसले की तो आकड्यांवर विसंबेल. तरीही नुसतं प्राध्यापक असणं पुरेसं नाही. दहा वर्षं प्राध्यापक राहूनही ज्याने पदवी वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे पाहिलं नाही, असेही असतात. माझ्या भाचीच्या मुलीला तिची पुस्तकं परीक्षेच्या तोंडावर मिळाली. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण मला तिथल्या कुणाला दुखवायचं नाही. पण अर्ज कुठे करायचा, फोन कोण उचलतो, हे तिला आठ दिवस कळलं नाही. तिच्याकडे मोबाइल आहे, इंटरनेट आहे. माझ्याकडे फक्त टपाल होतं, आणि माझी पुस्तकं वेळेवर आली होती.

नव्या शैक्षणिक धोरणात २०३५ पर्यंत उच्चशिक्षणात जाण्याच्या वयातल्या निम्म्या मुलांना तिथवर न्यायचं म्हटलंय. चांगलं आहे. ही मुलं कुठून येणार? शहरातल्या कॉलेजांच्या दारात आधीच उभी असलेली मुलं तर येतीलच. उरलेली ऊसतोडीला जाणारी असतील, द्राक्षबागेत छाटणीला जाणारी असतील, दहावीला गणितात गेलेली, अठराव्या वर्षी लग्न झालेली. त्यांना आत घेणारं विद्यापीठ कसं चालवायचं, हे एका मराठी माणसाने नाशिकला करून दाखवलं आहे, त्याची कागदपत्रं आहेत, त्या काळात काम केलेले लोक अजून आहेत. कुलगुरूपदाच्या उमेदवारांनी ते वाचावं, त्या लोकांना भेटावं.

म्हणून संपादक महाशय, तुम्हाला एक मागणं आहे. पुढच्या वेळी कुठल्याही विद्यापीठासाठी पाच नावं राज्यपालांकडे जातील, तेव्हा कोण कुणाच्या गटाचा हे छापण्याआधी तुमच्या वार्ताहरांनी त्या पाचही जणांना हे विचारावं: तुम्ही विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक किंवा तयार केलेला अभ्यासक्रम कोणता? तुमच्या विद्यापीठाच्या हद्दीत शाळा सुटलेली माणसं किती, हे तुम्ही पाहिलंय का, आणि त्यांच्यासाठी पहिल्या वर्षी काय कराल? तुम्ही दिलेली पदवी एखाद्या कार्यालयाच्या टेबलावर नाकारली गेली, तर त्या विद्यार्थ्याच्या बाजूने कोण उभं राहील? उत्तरं जशीच्या तशी छापा. आणि जो नेमला जाईल त्याच्याकडे अडीच वर्षांनी पुन्हा जा, तेच कात्रण घेऊन.

आपली नम्र,
एक निवृत्त मुख्यसेविका,
ता. सिन्नर, जि. नाशिक